काँगोबुवांचं जंगल

भूगोलाच्या तासाला खिडकीतून एखाद्या माणसाचं डोकं आत आलं तर काय करायचं, हे मला बी.एड.च्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. साताऱ्याकडून लग्न होऊन मी नाचणगावात आले होते. नवरा पुलगावच्या गिरणीत आणि मी गावच्या शाळेत. वऱ्हाडी बोली अजून कानाला बसली नव्हती आणि समोर सातवीचा वर्ग. फळ्यावर मी आफ्रिकेचा नकाशा काढला होता. तो खंडापेक्षा वांग्यासारखा जास्त दिसत होता. ‘विषुववृत्तीय सदाहरित वनांत वृक्ष अतिशय उंच वाढतात, सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोचत नाही,’ असं मी सांगत असताना खिडकीच्या गजांपलीकडे, विटलेल्या निळ्या टोपीखालचं एक रापलेलं तोंड उगवलं.

‘बाई, कमी सांगून राह्यल्या तुमी.’

‘कोण आपण?’

‘म्या गुलाबराव. बाजूचं वावर माह्यं. सांगा पोट्ट्याइले, दुपारी बारा वाजता आमी कंदील घेऊन चालत होतो तिकडं. डोयानं पाह्यलं, आयकलं नाई.’

‘काँगोबुवा!’ पोरं एका सुरात ओरडली, आणि माझा तास संपला. म्हणजे घंटा व्हायला बराच अवकाश होता, पण माझा संपला. उरलेला तास त्या खिडकीनं घेतला. तिकडं पाऊस पडला की त्याला पानापानांवरून खाली यायला तास लागतो. वर पाऊस थांबून लोक कपडे वाळत घालतात तेव्हा खाली पहिला थेंब पडतो. वेली विहिरीच्या नाड्यापेक्षा जाड. आणि एक झाड असं, की त्याच्याखाली माणूस झोपला तर सकाळी फक्त बूट सापडतात.

‘बूट काऊन नाई खात?’ मागच्या बाकावरून एकानं विचारलं.

‘सरकारी चामडं हाय बे. पचत नाई.’

त्या सहामाहीत मी पेपर तपासले तेव्हा निम्म्या वर्गानं विषुववृत्तीय वनांचं वैशिष्ट्य म्हणून माणूसखाऊ झाड लिहिलं होतं. एका गुणी मुलीनं आकृती काढून भाग दाखवले होते: खोड, फांद्या, दात. मी तिला निम्मे गुण दिले. खोड आणि फांद्या बरोबर होत्या.

गुलाबराव लष्करात होते. ऐन जवानीत निळ्या टोपीच्या शांतिसेनेतून त्यांची पलटण काँगोला गेली होती. परत आले, काही वर्षांनी नोकरी सुटली, आणि बापाच्या वावरात वांगी, पालक, सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर) लावून ते पुलगावच्या बाजारात विकू लागले. आमच्या भाड्याच्या घराचं मागचं कुंपण आणि त्यांच्या वांग्यांचं कुंपण एकच. त्यामुळे काँगो मला शाळेतही होता आणि घरीही.

त्यांची निळी टोपी हे एक प्रकरण होतं. बाजाराच्या दिवशी आणि लग्नाकार्यात ती गुलाबरावांच्या डोक्यावर असे. इतर दिवशी वावरातल्या बुजगावण्याच्या. बुजगावण्याला ती जास्त शोभते असं त्यांची बायको वच्छलाबाई म्हणायची. ‘त्यो तरी गुपचूप उभा राह्यतो,’ असं कारणही द्यायची. बाई दिसायला काडी, पण जीभ विळ्याची. ‘लष्करानं मले माणूस वापस देला बाई,’ ती मला एकदा म्हणाली, ‘पण तोंडाचं झाकण तिकडंच ठेवून घेतलं.’

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटायची. जंगलाबद्दल अहोरात्र बोलणारा हा माणूस इथल्या जंगलात कधी पाऊल टाकत नसे. उन्हाळ्यात गावातले लोक मोहाफुलं, चारं, टेंभरं असला रानमेवा आणायला जायचे. पत्रावळीसाठी पळसाची पानं लागायची. गुलाबराव ती पानं बाजारातून विकत आणायचे. वच्छलाबाई करवादायची, की फुकटची पानं विकत आणणारा नवरा अख्ख्या तालुक्यात तिलाच मिळाला. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, ‘हे कायचं जंगल? झाडाइची हजामत केल्यावानी दिसते. इकून पाह्यलं तं तिकलं दिसते. जंगल म्हंजे कसं पाह्यजे? आपलाच हात आपल्याले दिसू नाई.’

गावात त्यांचा एकच खरा वैरी होता: भजनी मंडळाचे म्हादेवराव. जाड भिंगांचा चष्मा, कपाळाला बुक्का, आणि आपल्या गावासारखं गाव नाही याची पक्की खात्री. या दोघांची जुंपली ती ज्वारीवरून.

किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून म्हादेवराव ज्वारीचं गुणगान करत होते. आपल्या मातीचं धान्य, आपल्या पूर्वजांचं, देवानं आपल्यालाच दिलेलं. गुलाबराव बिडी विझवून म्हणाले, ‘जवारी आफ्रिकेची हाय.’

‘काय?’

‘आफ्रिकेची. म्या तिकडं वावरं पाह्यले. जवारी होती, अंबाडी होती, चवळी होती. टरबूज तं रानात लोळत होते. चिंचेचं झाडबी तिकडलंच.’

‘मंग आपल्या इथून नेलं असन त्याइनं!’

‘कोनी नेलं? तुह्या बापानं? तुमच्या खानदानात रोहण्याच्या पलीकडं कोनी गेलतं काय आजलोग? त्या लोकाइनंच आनून देलं असन. आपले लोकं तं चिंच पडली तरी खाली वाकत नाई.’

‘म्हंजे आमचे बापजादे आधी काय खात होते?’

‘झक मारत होते,’ गुलाबराव म्हणाले.

ओट्यावर हलकल्लोळ झाला. प्रकरण माझ्याकडे आलं, कारण गावात आफ्रिकेचा नकाशा माझ्याच घरी होता. मी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन शेतकी पुस्तकं चाळली आणि मला मोठा धक्का बसला. ज्वारी आफ्रिकेची निघाली. चिंच, टरबूज, चवळी, अंबाडी, सगळी मंडळी तिकडचीच. अंगणातला एरंडसुद्धा. आमची अख्खी पंगत कधीकाळी गलबतात बसून आलेली होती. युक्तिवाद पार भिकार आणि निष्कर्ष बिनचूक, असा माणूस मी त्याआधी फक्त शाळा-तपासनिसांत पाहिला होता.

मी हे ओट्यावर जाहीर केलं तेव्हा गुलाबरावांनी विजयानं टोपी उडवली. म्हादेवराव मात्र उठून उभे राहिले आणि त्यांनी प्रतिज्ञा केली, की परदेशी धान्य यापुढे पोटात जाणार नाही. ते नुसत्या गव्हावर राहू लागले. आठवड्याच्या आत त्यांचं पोट असं काही बिघडलं की भजनात मृदंगाच्या साथीला आणखी एक वाद्य ऐकू येऊ लागलं. शेवटी त्यांच्या म्हातारीनं गरम भाकर कुस्करून ताकात घातली आणि पुढे सरकवली. ‘खा गुपचूप. लई वर्सं झाले येऊन तिले. आता आपलीच हाय.’ परदेशी पाहुण्याला नागरिकत्व देण्याची इतकी सोपी पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर मंदाच्या लग्नाचं आलं.

मंदा गुलाबरावांची एकुलती एक. दहावीपर्यंत शिकलेली, कामाला वाघीण, आईची जीभ आणि बापाचे डोळे. देवळीचं एक चांगलं स्थळ पसंतीपर्यंत येऊन मोडलं. मुलाच्या मामानं बसस्टँडवर चौकशी केली होती. तिथं कुणीतरी सांगितलं, की पोरगी सोनं आहे, पण बाप गपोड्या. त्याच्या एका शब्दावर विश्वास नाही. ज्या घरचा बाप माणूसखाऊ झाडं पाहतो, त्या घरानं पोरीबद्दल खरं काय सांगितलं असेल? त्या दिवशी वच्छलाबाई माझ्याकडे आली ती बोललीच नाही. नुसती उंबऱ्यावर बसून राहिली. तिला गप्प बसलेली मी प्रथमच पाहत होते.

दुसरं स्थळ रोहण्याचं. मुलगा विजेच्या खांबावर चढणारा, घरी शेती. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी वच्छलाबाईनं नवऱ्याला मारुतीच्या देवळात नेलं. साक्षीला मी.

‘पाव्हणे असेलोग काँगोचं नाव घेणार नाई म्हना.’

‘बरं. आफ्रिका म्हनू काय?’

‘तेबी नाई.’

‘जंगल?’

‘तोंडच उघडू नका!’

गुलाबरावांनी शेंदरावर हात ठेवला. त्यांचा चेहरा फाशीच्या कैद्यासारखा झाला होता.

पाहुणे आले. मुलाचे आजोबा आबाजी हे त्यांचे म्होरके. पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज. बैठक बसली. पाणी झालं, चहा झाला, पंगत मांडली. गुलाबराव मान खाली घालून वाढत होते. आबाजींनी काही विचारलं की ते मान डोलवत. शेवटी आबाजी माझ्या कानाशी लागले, ‘बाई, पोरीचा बाप जल्माचाच मुका हाय, का लढाईत झाला?’ मी म्हटलं, ‘स्वभाव शांत आहे.’ पलीकडून वच्छलाबाईला ठसका लागला.

आणि मग आबाजी रंगात आले. सांगू लागले, की जवानीत ते बोरच्या जंगलातून सायकलवर येत होते. रस्त्यात वाघ. आडवा. हलेना.

‘मंग?’ पंगत म्हणाली.

‘मंग काय? म्या घंटी वाजवली. वाघ बाजूले झाला.’

गुलाबरावांच्या कपाळाची शीर उडू लागली. त्यांनी वरणाचं भांडं खाली ठेवलं, ‘वांगे तोडून आनतो,’ एवढंच कसंबसं बोलले आणि मागच्या दारानं गेले. जेवणाच्या मध्येच वांगी कशाला, असा प्रश्न कुणाला पडायच्या आत मागून आवाज येऊ लागला.

‘आयक बे ढवळ्या! घंटी वाजवली म्हंते! सायकलची! अबे, आमच्या काँगोत आमचा ट्रक घेतला होता वेलीनं! अख्खा ट्रक! सकाळी उठून पाह्यतो तं ट्रक झाडावर!’

शपथ पाहुण्यांसमोर न बोलण्याची होती. बैलाचं नाव त्यात नव्हतं.

वच्छलाबाईनं डोळे मिटले. मंदा दाराआड पांढरीफटक पडली. आबाजींनी घास तसाच धरून कान टवकारले, मग सावकाश उठले आणि उष्ट्या हातानं मागच्या दारी गेले. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या खिडकीशी. वांग्याच्या वाफ्यात बैलाची शिंगं धरून गुलाबराव बोलत होते. आबाजींना पाहून त्यांनी शिंगं सोडली.

आबाजी वांग्यांतून वाट काढत जवळ गेले. मग म्हणाले, ‘मंग? ट्रक खाली कसा उतरवला?’

दोघं त्या वाफ्याच्या बांधावर बसले ते उन्हं कलेपर्यंत. पुरण गार झालं. बाकीचे पाहुणे डुलक्या घेऊ लागले. काँगोतून वाघ सायकलवर गेला की रोहण्यात वेलीनं ट्रक गिळला, ते त्या दोघांनाच ठाऊक. आबाजी परत आले ते हात न धुताच जाहीर करत आले, ‘पसंत हाय!’

‘बाबाच पसंत झाले,’ मंदा मला म्हणाली. ‘माह्याकडं तं कोनी पाह्यलंबी नाई.’

पण तिचा संसार छान झाला. नवरा घुम्यासारखा गप्प. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी त्याच्या वाटणीचंही बोलून टाकलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी, ऐंशी साल उलटल्यावर, पुलगावहून एक सरदारजी गुलाबरावांचं घर विचारत आले. करतारसिंग. काँगोतला त्यांच्याच तुकडीतला ड्रायव्हर. आता कुणा नातेवाइकाकडे आले होते. दोघांनी अंगणात एकमेकांना अशी मिठी मारली की कोंबड्या पळाल्या. बातमी गावभर झाली. म्हादेवराव तर अर्धी दाढी तशीच ठेवून आले. इतक्या वर्षांनी साक्षीदार सापडला होता! अंगण भरलं. गुलाबराव चहा सांगायला आत गेल्याबरोबर म्हादेवरावांनी डाव साधला.

‘सरदारजी, वो काँगो का जंगल भौत घना था क्या? दिन में कंदील लगता था?’

‘घना?’ करतारसिंग हसले. ‘कहाँ का घना! जहाँ हम थे, बिल्कुल तुम्हारे यहाँ जैसा था। खुला-खुला। दूर तक आदमी दिख जाए।’

अंगणात हशा फुटला. म्हादेवरावांनी मांडीवर थाप मारली. ‘और वो आदमी खाने वाला झाड?’

सरदारजीही पोट धरून हसले. ‘गुलाब ने बोला? पक्का बदमाश है। हाँ, दीमक की बांबी मकान जितनी ऊँची थी, ऊपर पेड़ उगे रहते थे। वो सच है।’

ते वारुळ गुलाबरावांनीही सांगितलं होतं, आणि नेमकं त्यावरच कुणी विश्वास ठेवला नव्हता. पण आता कुणाला त्याची पडली नव्हती. लोक हसत होते, पोरं ‘ट्रक, ट्रक’ म्हणून ओरडत होती. लोक कशाला हसताहेत हे सरदारजींना कळलं नाही. ते त्यांच्याच नादात बोलत राहिले.

‘घना होता तो बात ही क्या थी। घना होता तो छुप जाते ना। चार पतले-पतले पेड़ थे, उनके पीछे लेटे थे सब। नारायण को वहीं गोली लगी। इसका जिगरी था। गुलाब दिन भर उसको पकड़ के लेटा रहा धूप में। हिलता तो इसको भी लगती। शाम को गाड़ी लेकर मैं पहुँचा, तब भी छोड़ता नहीं था उसको।’

हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. सगळ्यात शेवटी पोरं गप्प झाली.

गुलाबराव चहाचं ताट घेऊन बाहेर आले. सगळीकडे पाहिलं. ‘काऊन बे? चूप काऊन झाले?’

मी म्हादेवरावांकडे पाहत होते. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो त्यांच्या तळहातावर होता. त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत लावला आणि कप उचलला.

‘काई नाई,’ ते म्हणाले. ‘तुह्या त्या झाडाची गोठ चालली होती. माणसं खाते त्याची.’

‘कुठलोग आली?’

‘बुटालोग.’ म्हादेवरावांनी चहाचा घोट घेतला. ‘अन् काऊन गा गुलाबराव, दिवसा कंदील लागत होता म्हंतो तू. एकच लागे का?’

गुलाबरावांनी करतारसिंगांकडे पाहिलं, मग म्हादेवरावांकडे. मग ताट खाली ठेवलं.

‘एकानं काय होते?’ ते म्हणाले. ‘दोन लागत होते.’

‘लागनच,’ म्हादेवराव म्हणाले. ‘घनदाट म्हंटल्यावर.’

त्या दिवसानंतर काँगोचं जंगल खोटं आहे असं गावात कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. दोघांची भांडणं मात्र सुरूच राहिली. त्यांना विषय पुष्कळ होते.

पुढे माझ्या नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही नाचणगाव सोडायचं ठरवलं. जायच्या आधी, शिमग्याच्या सुमारास, मी मुलांची सहल बोरच्या जंगलात नेली. गाडी सुटायच्या वेळी गुलाबराव पायरीवर चढले. कुणी बोलावलं नव्हतं. ‘पोट्टे हरवतीन तुमच्यानं,’ म्हणाले, आणि पुढच्या बाकावर बसले. वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. मुलांनी किती छळलं तरी नाही.

जंगल अगदी उघडं पडलं होतं. सागाला पान नाही, मोहाला पान नाही. पळस तेवढा पेटलेला. खाली वाळक्या पानांचा खच, आणि ऊन थेट जमिनीवर. मुलं फुटाण्यासारखी उधळली. गुलाबराव गाडीच्या सावलीत उभे राहिले. बराच वेळ. मग पाण्यात उतरताना माणूस टाकतो तसं एकेक पाऊल टाकत ते पुढे गेले. मी मागे अंतर ठेवून.

नाल्याच्या काठी कुसुमाचं मोठं झाड होतं. त्याला नवी पालवी फुटली होती, लालभडक; लांबून फुलंच वाटावीत. गुलाबराव त्याच्यापाशी थांबले.

‘हे काय झाड बाई?’

‘कुसुम.’

‘हे पानं हायत का फुलं?’

‘पानंच. कोवळी आहेत म्हणून लाल. पुढे हिरवी होतात.’

‘तिकडंबी होतं असं एक. नवं पान लाल.’ त्यांनी एक पान तोडून उलटंपालटं केलं. ‘नारायण म्हने, घरी नेऊन दाखवू, कोनी खरं मानणार नाई.’ मग वर बघून, ‘पाह्यजा. कोन्या गावचं कोन झाड!’

ते खाली बसले, बूट काढले, खोडाला पाठ लावली, पाय पसरले. मी मुलांना गोळा करायला वळले.

परत आले तेव्हा ते झोपले होते. हातपाय चारी दिशांना, तोंड उघडं, आणि घोरणं असं की नाल्यातले पक्षी उठून गेले असावेत. भर उन्हाचे कवडसे अंगावर. मुलं भोवती गोल करून बसली होती आणि चक्क गप्प होती. रस्त्यावर ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. एकदा, दोनदा, मग वैतागून लांबलचक.

एका मुलीनं माझा पदर ओढला. ‘बाई, बुवाइले उठवू? गाडी बलावून राह्यली.’

‘ती आपली नाही,’ मी म्हटलं. ‘दुसरी कुठली तरी असेल.’

त्या अख्ख्या जंगलात दुसरी गाडी नव्हती.